उतरलेलं पोवळं

१

मलकापूर स्टेशनात आजवर नाना प्रकारचा माल उतरला असेल, पण मुंबईहून पत्र्याच्या डब्यांत समुद्र भरून मागवणारा माणूस एकच, प्राध्यापक किसनराव. सरकीची पोती नि रुईच्या गाठी वाहण्यात हयात घालवलेले हमाल ते खाऱ्या पाण्याचे डबे हातगाडीवर चढवताना दर खेपेला विचारायचे, "साहेब, याच्यातली मासोळी कुठी हाय?" किसनराव नुसते हसायचे. मासोळी नव्हतीच. घरच्या हौदात होतं ते पोवळं, आणि तेही जिवंत.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. किसनराव मूळचे लोणारच्या खाऱ्या सरोवराजवळच्या सुलतानपूरचे, शेतकऱ्याचं पोर. मलकापुरात कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. समुद्र त्यांनी पंचविशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिला आणि पुरते त्याच्या नादी लागले. कोकणच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली पोवळ्यांचे खडक आहेत. कडक उन्हाळ्यात ते पांढरे पडतात. ते कसे वाचवावेत यावर त्यांचा प्रबंध चालला होता. अख्खा समुद्र थंड करता येत नाही एवढं त्यांनाही कळत होतं. पण भर दुपारी खडकावर बांबूचे तट्टे तरंगत सोडून सावली केली, खालचं गार पाणी वर फिरवलं, तर पोवळं तग धरेल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी हवा उन्हाळा, आणि त्या बाबतीत मलकापूरनं कधी कोणाला निराश केलेलं नाही.

कॉलेजातली प्रयोगशाळा पत्र्याची. तिथं पोवळं एका दिवसात शिजलं असतं. म्हणून हौद बांधला तो घरी, मागच्या खोलीत. जाड मातीच्या भिंती, वर कौलं, एकच खिडकी आणि तिला वाळ्याची ताटी. दुपारची जेवणं उरकली की विमलबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताटीवर पाणी मारायच्या. किसनराव गार पाण्यानं भरलेले माठ हौदात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे आणि दार लोटून घ्यायचे. हौदात हात घालायचा नाही, हा घरातला एकमेव कडक नियम होता. पोवळ्याला माणसाचा हात सोसत नाही.

त्या वर्षी वैशाखात घरी आणखी दोन माणसं आली. किसनरावांची आई गोजरबाई आणि धाकटी बहीण वच्छला. वच्छलाचं लग्न शेगावजवळच्या अर्जुनराव नावाच्या मुलाशी ठरलं होतं. वऱ्हाडाला रेल्वेनं यायला सोपं पडेल म्हणून लग्न मलकापुरात करायचं होतं. वडील नव्हते, तेव्हा सगळं किसनरावांनाच निस्तरायचं होतं.

गोजरबाईंनी हौदात डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "खारं पानीच पाह्यजे होतं, तं आपलं लोणार काय आटलं होतं? मुंबईहून कायले आनतं रे?"

२

आणि मग एका दुपारी पोवळं पांढरं पडायला लागलं.

ताटाएवढा तो गड्डा एरवी वाळल्या मेंदीच्या रंगाचा असायचा. आधी टोकं उतरली, मग फांद्या, आणि बघता बघता सगळा गड्डा चुन्यासारखा झाला. किसनरावांनी माठ वाढवले, खिडकीवर दुसरी ताटी चढवली, कौलांवर ओली पोती टाकली. फरक पडेना.

"मेलं वाटते," गोजरबाई म्हणाल्या.

"मेलं नाई, माय. पोवळ्याले सोताचा रंगच नसते. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राह्यते. भाडेकरू समज. रंग त्याचा, अन् पोवळ्याच्या पोटालेही तेच घालते. ऊन वाढलं की पोवळं त्याले घराभाईर काढते."

"मंग?"

"मंग पांढरं पडते अन् उपाशी बसते. जित्तं असते, पन उपाशी."

वच्छला दारात उभी राहून ऐकत होती. तिला हसू आवरेना. "म्हनजे घरमालकच भाडेकरूच्या जिवावर जेवते! अन् गार झालं का थो वापस येते व्हय, दादा?"

"येते कधी कधी. थोच येईन असं नाई. जो जवळ असन थो."

गोजरबाईंच्या माहेरची एक रीत होती. गळ्यातल्या डोरल्यातलं पोवळं उतरलं, म्हणजे फिकं पडलं, की ते घरातल्या तरण्याताठ्या, निरोगी पोरीच्या मुठीत द्यायचं. दुपारी तिनं मूठ मिटून स्वस्थ बसायचं. अंगाची ऊब लागली की पोवळं रंग धरतं. त्यांनी स्वतः लहानपणी आजीची पोवळी अशी धरली होती. "वच्छलीचा हात ठेव त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "तुह्या माठानं काई होत नाई."

किसनराव आधी हसले, मग चिडले. नव्या पाण्याचे डबे मात्र येत नव्हते, आणि प्रबंधाची दोन वर्षं डोळ्यांदेखत चुना होत चालली होती. शेवटी त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. "ठेव बाप्पा," ते म्हणाले. "नाईतरी आता काय बिघडनार हाय?"

वच्छला हौदाच्या कठड्याला टेकून बसली, बांगड्या वर सारल्या आणि तळहात अलगद त्या पांढऱ्या गड्ड्यावर टेकवला. "गार हाय," ती म्हणाली. "अन् गुदगुल्या होतात."

३

आठवडाभरात पोवळ्यानं रंग धरला.

किसनरावांचा आनंद घरात मावेना. श्रेय अर्थात त्यांनी ताट्यांना दिलं. बहिणीच्या हाताला देण्याइतके ते भोळे नव्हते. "सावली अन् गार पानी," ते विमलबाईंना म्हणाले, "दोनच गोष्टी. आता बोलावतो मुंबई युनिव्हर्सिटीवाल्यांले. पाहा म्हनतो." तरीही वच्छला दुपारी हौदाशी बसायची, तिला त्यांनी उठवलं नाही. चाललेली गोष्ट कशाला बदलायची, एवढाच विचार त्यांनी केला.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकली. आलेला रंग मेंदीचा नव्हता. तो गव्हाळ होता, नितळ, जरासा तांबूस. शेवाळाची दुसरी जात असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. असते अशी.

वच्छलाची बोटं पांढरी दिसत होती. "खाऱ्या पान्यात भिजले का असंच होते," किसनराव म्हणाले.

विमलबाईंनी भाकरी थापता थापता मान हलवली. "भिजल्यावर होते, खरं हाय. पन ते सकाळीही तसेच असतात. चांगले कोरडे असतात तेव्हाही." "अन् जेवते किती, पाह्यलं का तुमी? लग्नाआधी पोरीची भूक मरते. इची वाढून राह्यली."

किसनरावांनीही पाहिलं होतं. वच्छला ताटावरून उठायची आणि पुन्हा चुलीपाशी येऊन बसायची. आधी सगळे तिला हसले, ती स्वतःही हसली. नंतर ती मुकाट्यानं खायला लागली.

४

दुपारी किसनराव पेपर तपासत बसले होते. वच्छला आली आणि तिनं पदराखालून हात काढून त्यांच्यापुढे धरला.

"दादा, माह्यं गोंदन पाय."

तिच्या मनगटावर आतल्या बाजूला पाच हिरव्या ठिपक्यांचं फूल होतं. लहानपणी शेगावला गोंदवून घेतलेलं. सुई टोचताना तिनं अख्खा बाजार डोक्यावर घेतला होता. किसनरावांनीच तिला धरून ठेवलं होतं. आता मनगट पांढरं होतं, बोटांपासून वर बांगडीपर्यंत, आणि फूल नव्हतं. पुसटही नव्हतं.

ते तिला पेठेतल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं सुई टोचून पाहिली. वच्छलाला दुखलं. हात गार लागत होता, पण रोग दिसेना. "कोड म्हणावं तर इतकं भराभर वाढत नाही," डॉक्टर म्हणाला. "आणि कोडानं गोंदण जात नाही. गोंदण कातडीच्या आत असतं. तुम्ही स्वतः शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं?"

घरी आल्यावर गोजरबाईंनी दार लावून घेतलं आणि रडायला सुरुवात केली. कोड असो नसो, लोक कोडच म्हणणार. व्याही पुंजाजी माणूस चांगला, पण चार माणसांत राहणारा. कळलं तर सोयरीक तिथंच मोडली असती, आणि एकदा मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारतो? तेव्हापासून पाहुणे आले की वच्छला हात पदराखाली ठेवायची.

"हात नको घालू आता हौदात," किसनराव तिला म्हणाले.

"नाई घालत." तिनं मान खाली घातली. "दादा, मले त्याच घरी जायचं हाय. अर्जुनरावाइले पाह्यलं मी. ते हसतात तवा डोये मिटतात त्याइचे. दुसरीकडं नाई जानार मी कुठी."

या पोरीला किसनरावांनी कडेवर वाढवलं होतं. पोवळं गेलं खड्ड्यात, हिचं लग्न झालं पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

५

हात घालणं थांबलं, पण पांढरेपणा थांबला नाही. तो कोपराकडे सरकत राहिला.

किसनराव एकटेच मागच्या खोलीत गेले. बाहेर ऊन इतकं होतं की कावळेही गप्प होते. आत नेहमीचा ओल्या वाळ्याचा वास आणि अर्धवट उजेड. ताटीतून पाणी ठिपकत होतं. त्या ठिपकण्याखाली आणखी एक आवाज होता. बारीक, ओलसर, न थांबणारा. पंगतीत सगळे न बोलता जेवत असले की येतो, तसा. ते कान देऊन ऐकू लागले तसा तो आवाज बंद झाला.

पोवळं भरगच्च दिसत होतं, टवटवीत. एवढं निरोगी पोवळं त्यांनी समुद्रातसुद्धा पाहिलं नव्हतं. ते वाकले, बाजूनं निरखू लागले. खालच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, पाच हिरवे ठिपके होते. एक मधे, चार भोवती.

शेवाळ, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग म्हणाले, तांब्याचा डाग. काचेची कांडी घेऊन त्यांनी ते ठिपके घासले. ते निघाले नाहीत. पण घासल्यावर भोवतालचा भाग किंचित आक्रसला, आणि त्याच क्षणी पलीकडे स्वयंपाकघरातून वच्छला ओरडली, "आई गं!"

किसनराव धावत गेले. ती मनगट धरून बसली होती. "काय झालं?"

"काय मालूम. कोनतरी खरवडल्यासारखं झालं."

किसनराव पुन्हा हौदापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना माहीत होती ती एकच गोष्ट: ऊन वाढलं की पोवळं भाडेकरूला बाहेर काढतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माठ उचलून बाहेर ठेवले. दोन्ही ताट्या काढल्या. शिडी लावून हौदावरची कौलं उतरवली. विमलबाई खाली उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अन् तुमचा परबंध?"

"ऱ्हाऊ दे," किसनराव म्हणाले.

वैशाखाचं ऊन सरळ हौदात उतरलं. पाणी आधी कोमट झालं, मग चांगलं तापलं. त्यांनी वच्छलाला बोलावलं आणि तिला हात पाण्यात धरायला लावला, पोवळ्यापासून जरा दूर.

बराच वेळ काही झालं नाही. मग मीठ तव्यावर पडल्यासारखी बारीक तडतड ऐकू आली. पोवळ्याच्या टोकांमधून तपकिरी रंग सुटायला लागला, धाग्याधाग्यानं, आणि पाणी चहासारखं झालं. त्या चहात वच्छलाचा पांढरा हात काही क्षण दिसेनासा झाला. तिनं डोळे मिटले होते.

पाणी निवळलं तेव्हा पोवळं चुन्यासारखं पांढरं होतं आणि वच्छलाचा हात गव्हाळ. मनगटावर पाच ठिपक्यांचं फूल जागच्या जागी होतं.

गोजरबाईंनी तो हात गालाशी धरला, त्याचे मुके घेतले, देवापुढे साखर ठेवली. विमलबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. किसनराव भिंतीला टेकून मटकन खाली बसले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आता कसं वाटते?" त्यांनी विचारलं.

"बरं वाटते." वच्छलानं बोटं उघडली, मिटली. "पन भूक नाई गेली, दादा."

७

त्यांनी त्याच दिवशी हौद रिकामा केला. पोवळं परसात खड्डा करून पुरलं. मुंबईला पत्र टाकलं की प्रयोग फसला. मग मांडव पडला, पाहुणे आले, आणि घर माणसांनी फुलून गेलं. भूक म्हणाल तर पोरीनं आठवडाभर धास्ती खाल्ली होती, येईल वळणावर, असं त्यांनी मनाला समजावलं. त्यावर त्यांचा जवळजवळ विश्वास बसला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हळद लागली. पाटावर बसलेल्या वच्छलाला सवाष्णींनी आळीपाळीनं हळद चोळली. विमलबाईंनी हातांना लावली, शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी गालांना, मानेला. गोजरबाई विधवा म्हणून लांब उभ्या होत्या, पण त्यांनाही राहवलं नाही. विधी झाल्यावर त्यांनी जवळ येऊन लेकीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"हळद चढली हो पोरीले!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पाय कशी झळकून राह्यली!"

खरंच झळकत होती. आंघोळ करून आली तेव्हा तिचा चेहरा असा काही भरला होता की किसनराव बघतच राहिले.

"भूक?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता नाई," ती समाधानानं म्हणाली. "हळद लावताना गेली."

किसनराव मोरीपाशी गेले. तिथं विमलबाई हात धूत होत्या. हळद निघून गेली होती, पाणी स्वच्छ वाहत होतं, आणि तरी त्या बोटं चोळत राहिल्या होत्या. पेरांपर्यंत बोटं पांढरी होती.

"भिजले असतीन," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "नाई का?"

किसनराव तिथून वळले. ओसरीवर अन्नपूर्णाबाई पदराला बोटं पुसत होत्या, पुन्हा पुन्हा. आत देवघरात गोजरबाई दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवून बसल्या होत्या. त्यांनी लेकाला पाहिलं आणि हात लुगड्याच्या घडीत सारले.

८

मुहूर्त दुपारचा होता. मांडवाखाली उकाडा भरला होता. वाजंत्री घामाघूम होऊन वाजवत होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. भटजींनी कन्यादानासाठी किसनराव आणि विमलबाईंना पुढे बोलावलं. वडिलांच्या जागी तेच होते.

विमलबाईंनी पाण्याची झारी घेतली. त्यांनी हातभर बांगड्या भरल्या होत्या, बोटं शेल्याच्या टोकानं झाकली होती. किसनराव वच्छलाशेजारी उभे राहिले.

समोर अर्जुनराव होता. पोरगा खरंच हसला की डोळे मिटायचे. त्यानं दोन्ही हात पुढे केले. उन्हात रापलेले, कुळव धरून घट्टे पडलेले, चांगले काळेसावळे, कष्टाळू हात. मागे पुंजाजी कौतुकानं बघत होते.

"दादा," मुंडावळ्यांच्या आडून वच्छला पुटपुटली, "भूक लागून राह्यली मले." तिचे डोळे भरून आले होते. तिलाही कळत होतं का? किसनरावांना तिच्याकडे नीट बघवेना.

नुसतं थांबा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सहाशे माणसांपुढे तो शब्द उच्चारायचा, वऱ्हाड माघारी पाठवायचं, आणि पोरीचं आयुष्य या मांडवातच संपवायचं. तिला जायचं होतं त्याच घराचं दार तिच्या तोंडावर लावायचं. हे त्यांच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही आलं, जे त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. थांबा म्हटलं तर वच्छला इथंच राहील. त्यांच्या घरात. विमलबाईंच्या, मायच्या, त्यांच्या स्वतःच्या शेजारी, रोज दोन वेळा ताटावर.

"चला, उशीर होतो," भटजी म्हणाले. "वधूचा हात वराच्या हातात द्या."

हे आपण तिच्या सुखासाठी करतो आहोत, असं किसनरावांनी मनाशी म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. मग उपरण्याच्या टोकात धरून त्यांनी बहिणीचा हात उचलला आणि अर्जुनरावाच्या हातावर ठेवला. विमलबाईंनी वरून पाण्याची धार सोडली.

"घट्ट धरा," भटजी हसून म्हणाले.

अर्जुनरावानं तिचा हात घट्ट धरला.